स्टेअरिंग जड झालंय? आधी तेलाची डबी उघडा

हंगामात दुपारनंतर नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पिकअपची रांग लागते. 20-20 किलोचे क्रेट रचलेल्या गाड्या शेताच्या कच्च्या वाटांवरून येतात, आवारात शिरतात आणि खरी कसरत तिथे सुरू होते. दोन गाड्यांच्या मधल्या बोळातून मागे येत गाडी नेमकी जागेवर लावायची असते. स्टेअरिंग ठणठणीत असेल तर हे एका हाताचं काम. अशाच रांगेत 15 वर्षं राबलेली एक पिकअप होती. तिचा चालक सीटवरून अर्धा उठून दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढत होता आणि बॉनेटखालून कोणी कण्हावं तसा घूंऽऽ आवाज येत होता.

आठवड्यापूर्वीच त्याने पॉवर स्टेअरिंगचा पंप बदलला होता. पहिले दोन दिवस गाडी लोण्यासारखी वळली, तिसऱ्या दिवशी तोच आवाज आणि तेच जडपण. मग दुसऱ्या एका मिस्त्रीने पंपाला हात न लावता तेलाची डबी खोलली. डबीच्या तळाशी बारीक जाळी असते. ती काळ्या गाळाने आणि रबराच्या कणांनी पार लिंपून गेली होती. परतीचा रबरी पाइप आतून सडत होता, त्याचा भुगा जाळीत अडकत होता आणि पंपाला तेलच पुरत नव्हतं. जुना पंप त्यानेच गेला आणि नवाही त्याच वाटेवर होता.

जुन्या पिकअपच्या स्टेअरिंगची तपासणी बऱ्याचदा अशी उलटी होते. सगळ्यात महाग भागाचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं आणि ज्याला पाच मिनिटं आणि एक फडकं पुरतं ते शेवटी बघितलं जातं. क्रम सरळ ठेवला, म्हणजे स्वस्तापासून महागाकडे गेलं, तर बऱ्याच तक्रारी पंपापर्यंत पोचायच्या आतच सुटतात. त्यातली बहुतेक तपासणी चालकाला स्वतःला करता येते.

त्यासाठी आतला कारभार एकदा डोळ्यांसमोर आणावा. इंजिनच्या पुढच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा पंप असतो, जवळच तेलाची डबी असते. पंपाकडून निघालेला जाड, तोंडाशी पत्र्याने आवळलेला हाय प्रेशर पाइप स्टेअरिंग बॉक्सकडे जातो (काही गाड्यांत बॉक्सऐवजी रॅक असतो). काम झालेलं तेल साध्या रबरी पाइपने डबीत परत येतं. बॉक्सच्या तोंडाशी एक बारीक पोलादी कांडी बसवलेली असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. चालक स्टेअरिंग फिरवतो, टायर रस्त्याला धरून बसलेले असतात, त्यामुळे ही कांडी किंचित पिळली जाते. तेवढ्या पिळाने व्हॉल्व्हची भोकं उघडतात आणि दाबाखालचं तेल चालकाला ज्या बाजूला वळायचं आहे त्या बाजूने पिस्टन ढकलतं. गाडी सरळ चालली असताना तेल नुसतं गोल फिरत राहतं, दाब अगदी कमी असतो. जागेवर स्टेअरिंग कापताना मात्र तो 70 ते 100 बारपर्यंत चढतो. पुढच्या टायरमधल्या हवेच्या दाबाशी तुलना केली तर हा दाब 25-30 पट भरतो.

ही सोय वापरण्याजोगी केली तीही मालवाहू गाड्यांवर काम करणाऱ्या माणसाने. अमेरिकेतल्या पिअर्स-अॅरो कंपनीच्या ट्रक विभागात मुख्य अभियंता असलेल्या फ्रान्सिस डेव्हिस यांना जड ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक दिसत होती. नोकरी सोडून त्यांनी या कामाला वाहून घेतलं आणि 1926 मध्ये पॉवर स्टेअरिंग बसवलेली गाडी चालवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ते यायला मात्र 1951 साल उजाडलं. त्या वर्षी क्रायस्लरने इम्पीरियल या गाडीत ते दिलं.

आता तक्रारीकडे. ‘स्टेअरिंग खराब झालंय’ एवढ्यावर कोणाच्याच हाती काही लागत नाही. जड झालंय की ढिलं झालंय, हे आधी ठरवावं, कारण हे दोन वेगळे आजार आहेत. जडपणाने दंड भरून येतात आणि गाडी लावताना घाम फुटतो. ढिलेपणाने जीव जातो. जड स्टेअरिंगची गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. ढिल्या स्टेअरिंगची गाडी भरून घाटात नेऊ नये, मग मालाला कितीही उशीर होवो.

जडपणाही नीट ऐकून घ्यावा लागतो. दोन्ही बाजूंना सारखंच जड आहे का? मग तेल, पट्टा, पंप किंवा टायर. फक्त उजवीकडे जड आणि डावीकडे हलकं असेल तर पंपावर संशय घेण्यात अर्थ नाही. पंपाला डावं-उजवं कळत नाही, तो फक्त तेल ढकलतो. बाजू निवडण्याचं काम बॉक्समधल्या किंवा रॅकमधल्या व्हॉल्व्हचं, तेव्हा दोष तिथे किंवा त्या बाजूच्या एखाद्या सांध्यात शोधावा. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पंप उगाच बदलला जाणार नाही.

इंजिन आयडलवर असताना जड आणि थोडा रेस दिला की हलकं, असं असेल तर पट्टा सरकत असतो किंवा पंप आतून झिजलेला असतो. सकाळी थंड गाडीत जड आणि दहा मिनिटांनी ठीक, हे रॅक किंवा बॉक्सच्या आतल्या सीलच्या झिजेचं लक्षण. उलट, सकाळी ठीक पण दोन तास चालून तेल तापल्यावर जड, तर तापलेलं पातळ तेल झिजलेल्या पंपातून आतल्या आत निसटतं आहे. आणि फिरवताना मध्येच अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं, असं होत असेल तर स्टेअरिंगच्या दांड्याचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत क्रॉस, गंजून धरला आहे का ते बघावं. पावसाळ्यात चिखलपाणी उडणाऱ्या गाड्यांत हा क्रॉस फार गंजतो आणि बिचाऱ्याकडे कोणाचं लक्षही जात नाही.

आवाजही बरंच सांगतो. पूर्ण वळण घेताना कर्कश किंकाळी उठली तर पट्टा सरकतोय. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारं-उतरणारं कण्हणं म्हणजे तेल कमी आहे किंवा तेलात हवा शिरली आहे. स्टेअरिंग अगदी टोकाला नेल्यावर येणारा ‘स्सऽऽ’ हा मात्र दोष नाही. दाब मर्यादेवर गेल्यावर आतला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज. तरीही टोकाला नेऊन तसंच दाबून धरू नये. पाचेक सेकंदांपलीकडे तेल भराभर तापतं आणि पंपाचं आयुष्य घटतं. बाजारात गाडी लावताना ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणत स्टेअरिंग टोकाला रेटून धरायची सवय अनेक चालकांना असते, ती मोडायला हवी.

तपासणीला सुरुवात टायरपासून. पुढच्या टायरमध्ये 8-10 पौंड हवा कमी असली तरी स्टेअरिंग चांगलंच जड लागतं. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायर हौसेने बसवले असतील तर ते कायमचंच जड होणार. हवा भरून, पुन्हा चालवून, मगच बॉनेट उघडावं.

त्यानंतर डबी. इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसून घ्यावी, नाहीतर ती सरळ तेलात पडते. मग झाकण उघडून तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावा. लालसर, स्वच्छ थेंब असेल तर उत्तम. काळा आणि करपट वासाचा असेल तर तेल जळलंय. ताकासारखा दुधट असेल तर पाणी किंवा हवा मिसळली आहे. प्रेशरने गाडी धुताना ढिल्या झाकणातून पाणी आत जातं. थेंब वाळल्यावर कागदावर चंदेरी कीस चमकला तर मात्र आतलं कोणतं तरी लोखंड झिजून तेलात उतरतंय, आणि मग पंपाचा विचार करायची वेळ आली.

तेल कोणतं घालायचं ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. जुन्या हायड्रॉलिक स्टेअरिंगला बहुधा एटीएफ, म्हणजे लाल रंगाचं ट्रान्समिशन तेल लागतं, तरी खात्री करूनच घ्यावं. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये. ते ग्लायकॉलपासून बनतं, आणि खनिज तेलासाठी घडवलेली रबरी सीलं त्याने फुगतात, मऊ पडतात. चार दिवसांत सगळीकडून गळती लागते आणि मग पंप, बॉक्स, पाइप सगळंच खोलावं लागतं. हाच उलटा प्रकार ब्रेकच्या डबीत एटीएफ घातल्यावर होतो, आणि तिथे तर ब्रेकच जातात. गाडीत दोन्ही डब्या बॉनेटखालीच असतात, म्हणून अंधारात, मोबाइलच्या उजेडात तेल घालताना दोनदा बघावं.

तेल कमी निघालं तर ते गेलं कुठे? ही व्यवस्था बंद आहे. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, तसं हे तेल जळत नाही. पातळी उतरली म्हणजे कुठून तरी गळतंय. नुसतं वरून घालत राहणं म्हणजे गळतीला खाऊ घालणं.

गळती शोधायला रात्री गाडीखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरावा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खडूने आखून ठेवाव्यात. सकाळी डाग कुठे पडलेत ते बघून वरचा भाग ओळखता येतो. सगळंच तेलकट झालेलं असेल तर तो भाग धुऊन, वाळवून, त्यावर पावडर भुरभुरावी, साधी टाल्कम चालते. इंजिन पाच मिनिटं चालवून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवलं की पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटते आणि ती जिथून सुरू होते तिथेच गळती. पंपाच्या पुलीमागे तेल उडालेलं दिसलं तर पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय. पाइपच्या जोडाशी ओल असेल तर बोल्टखालचे तांब्याचे वॉशर बदलून काम भागतं. ते वॉशर पुन्हा वापरू नयेत, एकदा आवळले की दबून जातात. बॉक्सच्या खाली, त्यातून निघणारा ड्रॉप आर्म जिथे बसतो तिथून थेंब पडत असतील तर खालचं सील. रॅक असलेल्या गाडीत गळती फसवी असते, कारण तेल जमिनीवर पडतच नाही, दोन्ही टोकांच्या रबरी बुटांत साचत राहतं. बूट हाताने दाबून बघितला की आतलं तेल लगेच कळतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपची गळती बोटाने चाचपू नये. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून तेल आत घालू शकते, आणि वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी आत हात सडायची वेळ येते. असं झालं तर पट्टी बांधून घरी न जाता थेट रुग्णालय गाठावं. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. आणि पाइपमधून उडणारं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडत असेल तर गाडी पेट घेऊ शकते, ती तशी चालवायचीच नाही.

तेल पुरेसं आहे, गळती दिसत नाही, तरी डबीत फेस येतोय? मग डबीकडून पंपाकडे जाणारा पाइप बघावा. या पाइपमध्ये दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तिथली क्लिप ढिली असली किंवा रबराला बारीक चीर गेली असली तरी तेल बाहेर यायच्याऐवजी हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं, आतून फेस. दहा-पंधरा वर्षांचं रबर कडक होऊन क्लिपखाली तडकलेलं असतं. क्लिप नुसती आवळून भागत नाही, पाइपच बदलावा. त्याच वेळी डबी काढून तळची जाळी धुवावी, आणि जाळी निघत नसेल किंवा फाटली असेल तर डबी नवी घ्यावी. पंपाच्या मानाने तिची किंमत काहीच नाही.

पट्ट्याची परीक्षा सोपी. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण 1 सेंटिमीटर खाली जावा. त्याहून फार झोल असेल तर ताणावा, पण तारेसारखा ताठ करू नये, त्याने पंपाचं बेरिंग जातं. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, भेगा पडल्या असतील किंवा तेलाने भिजली असेल तर तो पट्टा ताणून उपयोग नाही, बदलावाच लागतो.

एवढं सगळं ठीक असूनही जडपणा जात नसेल तर जॅकची तपासणी. हायड्रॉलिक दोष आणि लोखंडाचा दोष वेगळे करणारी ही परीक्षा आहे. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत, पुढचा भाग उचलून पक्क्या स्टँडवर ठेवावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कोणीही, एक मिनिटासाठीही, जाऊ नये. जॅक सरकून होणारे मृत्यू गॅरेजच्या जगात नवीन नाहीत. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं. चाकं हवेत आहेत, टायरचा अडसर नाही. तरीही जड किंवा अडखळत फिरत असेल तर तेलाचा काही संबंध नाही. किंगपिन, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं हे चाकाकडचे सांधे किंवा वर सांगितलेला क्रॉस यांपैकी काहीतरी कोरडं पडलंय. ग्रीसचे निपल असतील तर तिथे गन लावून, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरावं. निपल चिखलाने बुजलेला असेल तर गन कितीही दाबली तरी ग्रीस आत जात नाही, नुसतं भोवती लडबडतं, आणि बघणाऱ्याला वाटतं ग्रीसिंग झालं. असा निपल काढून, साफ करून किंवा बदलूनच पुन्हा ग्रीस करावं. हवेत सहज फिरलं आणि जमिनीवर जड झालं, तर मात्र तेलाच्या बाजूकडे परतावं.

पंप खरंच गेला का, याचा शेवटचा निकाल दाबाच्या मीटरवर लागतो. पंप आणि बॉक्सच्या मधे मीटर आणि बंद करता येणारा व्हॉल्व्ह जोडतात. व्हॉल्व्ह क्षणभर, पाच सेकंदांच्या आत, बंद करून पंप किती दाब देतो ते वाचतात. गाडीच्या पुस्तकातला आकडा आला तर पंप चांगला आणि दोष पुढे बॉक्समध्ये. नाही आला तर पंप. ही तपासणी करणारं गॅरेज गावात नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी जावं, पण अंदाजाने हजारो रुपयांचा पंप बदलू नये.

आणि बदललाच, तर डबी, जाळी, परतीचा पाइप आणि सगळं तेल त्याच्याबरोबर बदलावं. जुन्या पंपाचा कीस पाइपांत राहिला तर नवा पंप तोच कीस गिळतो.

तेल भरल्यावर हवा काढणं हा घाईचा विषय नाही. पुढची चाकं वर उचललेली, इंजिन बंद. डबी भरून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत 15-20 वेळा फिरवावं आणि प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनी पातळी बघून तेल घालावं. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून आयडलवर पुन्हा तेच करावं, टोकाला दाबून न धरता. शेवटी इंजिन बंद करताना एकाने डबीवर नजर ठेवावी. इंजिन थांबताच पातळी टुणकन वर उडाली तर आत अजून हवा आहे, कारण दाब सुटल्यावर ती फुगते. पातळी जवळपास जागेवर राहिली तर काम झालं. ही एक खूण माहीत असली तर मिस्त्रीने हवा नीट काढली की नाही हे कोणालाही तपासता येतं.

आता ढिलेपणा, ज्याला गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 98 सांगतो की स्टेअरिंगमधला मोकळा फिर 30 अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, सांध्यांच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट किंवा पिन पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. 30 अंश म्हणजे किती? 38 सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ते कडेला जवळपास 10 सेंटिमीटर होतात. म्हणजे स्टेअरिंग 10 सेंटिमीटर फिरेपर्यंत चाक हलतच नाही! कायद्याने ही शेवटची हद्द आखली आहे, तिच्यापर्यंत जाण्याची वाट बघायची नसते. कडेला 3 सेंटिमीटरच्या आसपास फिर दिसला की कारण शोधायला लागावं. फिटनेस सर्टिफिकेटची तपासणी गाडी 8 वर्षांची होईपर्यंत 2 वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी होते. खराब वाटेवर एक बॉल जॉइंट झिजायला वर्ष कशाला, एक पावसाळा पुरतो.

प्ले शोधायला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रलवर, इंजिन आयडलवर. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहायचं, दुसऱ्याने पुढच्या बाजूने वाकून वरून खाली क्रमाने बघत जायचं. दांडा हलला, पण बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म उशिरा हलला, तर झीज बॉक्समध्ये. ड्रॉप आर्म हलला, पण त्याला जोडलेली ड्रॅग लिंक उशिरा हलली, तर त्या सांध्यात. अशीच साखळी चाकापर्यंत तपासावी. सांध्यावर हात ठेवला तर डोळ्यांना न दिसणारी टकटकही बोटांना लागते. मात्र इंजिन चालू आहे, पट्टा आणि पंखा फिरतोय, तेव्हा सैल बाही, उपरणं, हातातला गंडा सांभाळावा. याच वेळी बॉक्स ज्या बोल्टांनी चॅसीला धरलेला आहे तेही बघावेत. खड्ड्यांत आदळून ते ढिले होतात, कधी बॉक्सशेजारी चॅसीलाच तडा गेलेला असतो. अख्खा बॉक्स हलत असेल आणि आतली झीज मोजत बसलं, तर दोष सापडणार कसा?

बॉक्सच्या वर एक स्क्रू आणि त्यावर नट असतो. प्ले दिसला की तोच आवळायचा, हा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात घातक इलाज. सांध्यांचा प्ले त्याने जात नाही, बॉक्स मात्र मधल्या जागी धरतो. मग वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि वळणातून निघताना गाडी आत ओढत राहते. हा स्क्रू पुस्तकातल्या रीतीने, सगळे सांधे निर्दोष ठरल्यावर, जाणत्या माणसानेच हलवावा.

बॉल जॉइंटच्या नटातल्या खाचेतून जाणारी दुपाखी पिन चार बोटांएवढीही नसते. ती नटाला सुटू देत नाही, आणि नट सांध्याला. कित्येक जुन्या गाड्यांत तिच्या जागी वाकवलेला खिळा किंवा गंजलेली तार दिसते. गाडीखाली गेलेल्या प्रत्येकाने या पिना मोजाव्यात आणि एकही खोटी असेल तर त्याच दिवशी बदलावी. दहा-वीस रुपयांच्या आतला हा जिन्नस सुटला तर चाक आणि स्टेअरिंगचा संबंधच तुटतो. तसंच, वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणं किंवा झिजलेला सांधा वेल्डिंगने भरणं हे काम करूही नये आणि कोणाला करूही देऊ नये. तापवलेल्या लोखंडाची ताकद बदलते आणि ते कधी तुटेल याची आगाऊ सूचना मिळत नाही.

मालाचाही स्टेअरिंगशी संबंध आहे. क्षमतेपेक्षा जास्त माल मागे रचला की पुढची चाकं उचलल्यासारखी होतात, स्टेअरिंग हलकं आणि तरंगतं लागतं. त्यावर उपाय म्हणून मागे जादा कमानपाटे घालतात. रिकामी गाडी मागून उंच उभी राहते, पुढच्या चाकांचा कोन बदलतो आणि स्टेअरिंग वळणानंतर सरळ व्हायला कुरकुरतं. पाटे वाढवलेल्या गाडीत हा दोष कोणी पंपात शोधू नये.

ओतूरवरून माळशेजचा घाट उतरून मुरबाड, कल्याणमार्गे मुंबईकडे माल नेणाऱ्यांसाठी शेवटचा विषय सगळ्यात महत्त्वाचा. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडू नये. पंप इंजिनवर फिरतो, तो थांबला की मदत थांबते. स्टेअरिंगचा लोखंडी संबंध कायम राहतो, गाडी वळते, पण भरल्या गाडीला वळवायला जे बळ लागतं ते ऐन वळणावर दोन हातांत असेलच असं नाही. ब्रेकचा व्हॅक्युमही दोन-चार दाबांत संपतो. चावी काढली गेली तर स्टेअरिंग लॉकच होतं. आणि गिअरमध्ये उतरताना, पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असला की डिझेल पंप इंधन जवळजवळ बंदच करतो, तेव्हा वाचवायला फारसं काही नसतंच.

चालू गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टेअरिंगही जड झालं, तर पट्टा तुटला असं समजावं. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो, म्हणून ब्रेकही जड होणार. काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो आणि इंजिन तापायला लागतं. अशा वेळी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं, चारही इंडिकेटर लावावेत, खालचा गिअर घेत वेग कमी करावा, ब्रेक एकदाच जोराने आणि सलग दाबावा, आणि वळणाआधीच्या सरळ जागी गाडी डावीकडे घ्यावी. चाकांना दगड लावल्याशिवाय खाली उतरून बॉनेट उघडू नये. सुटा पट्टा आणि 12-13 नंबरचे पाने गाडीत ठेवणारा चालक तासाभरात पुढे निघतो.

नारायणगावच्या त्या पिकअपला शेवटी नवी डबी, परतीचा नवा पाइप, चार तांब्याचे वॉशर आणि नवं तेल लागलं. पंप तोच राहिला. मिस्त्रीने डबीवर पातळीच्या रेषेशी खिळ्याने एक ओरखडा काढला आणि रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी तेल त्या ओरखड्याला टेकतंय का बघायला सांगितलं. आठव्या दिवशी चालक क्रेट उतरवून थेट गॅरेजवर आला, बॉनेट उघडून झाकण काढलं आणि मिस्त्रीला हाक मारली. तेल ओरखड्याला टेकलेलं होतं, लालसर, आणि वर एकही बुडबुडा नव्हता.